मेमरी फोमची गादी : नावापलीकडची पारख

वाकड, पुनावळे, रावेत आणि हिंजवडी या पट्ट्यात गेल्या दोन दशकांत हजारो नवी बिऱ्हाडे थाटली गेली. सदनिकेचा ताबा मिळाला, की पहिल्या काही खरेद्यांत गादीचा क्रमांक लागतो. पूर्वी कापूस, काथ्या किंवा साधा फोम एवढीच निवड असे. आता दालनात पाऊल टाकताच किंवा मोबाइलवर शोध घेताच ‘मेमरी फोम’ हा शब्द समोर येतो. त्याच्या जोडीला ‘अवकाश तंत्रज्ञान’, ‘ऑर्थोपेडिक’, ‘थंडावा देणारे जेल’, ‘शंभर रात्री वापरून पाहा’ आणि ‘आजच्या दिवसापुरती निम्मी किंमत’ अशी विशेषणांची रांग असते. एकाच मापाच्या, एकाच जाडीच्या दोन गाद्यांच्या किमतीत दुप्पट-तिप्पट अंतर असते; परंतु ते कशामुळे आहे, याचा उलगडा मात्र जाहिरातीतून होत नाही.

या बाबतीत पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा ग्राहक खरे तर इतरांपेक्षा सुस्थितीत असावयास हवा. येथील वाहनउद्योगात आसनांसाठी जो फोम वापरला जातो, तोही पॉलियुरेथेनच्याच कुळातला. कारखान्यात तो नावावर घेतला जात नाही. घनता किती, ठरावीक खोलीपर्यंत दाबण्यास किती बल लागते, दाबून ठेवल्यावर तो किती बसतो, हे आकडे आधी ठरतात आणि मालासोबत चाचणी अहवाल मागितला जातो. दिवसभर अशी काटेकोर तपासणी करणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या घरासाठी गादी घेताना मात्र केवळ हाताचा पंजा दाबून पाहतो आणि पैसे मोजतो. कारखान्यात विचारले जाणारे तेच तीन-चार प्रश्न दुकानात विचारले, तर फसगतीची शक्यता पुष्कळ कमी होते.

नावाचा उगम

मेमरी फोमचा अवकाश संशोधनाशी असलेला संबंध खरा आहे, पण तो जाहिरातीत भासविला जातो तेवढा थेट नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील ‘नासा’च्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने विमानांच्या आसनांकरिता हा फोम विकसित केला. धक्का शोषून घेणे आणि दीर्घ प्रवासात शरीरावरील दाब विभागणे, हा त्यामागचा उद्देश होता. पुढे ते तंत्र खुले झाले आणि १९९१ मध्ये स्वीडनमधील फागेरडाला या कंपनीने त्याची गादी बाजारात आणली. आज हा फोम अनेक देशांतील असंख्य कारखान्यांत तयार होतो. त्यांतील कोणत्याही गादीला ‘नासा’ दर्जाचे प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे ‘अवकाश तंत्रज्ञान’ या शब्दांवरून समोरची गादी चांगली की वाईट, हे मुळीच ठरत नाही.

साधा फोम आणि मेमरी फोम या दोहोंचे मूळ रसायन एकच. पॉलिऑल आणि आयसोसायनेट यांच्या अभिक्रियेतून पॉलियुरेथेन तयार होते. मिश्रणातील पाण्यामुळे कार्बन डायऑक्साइड निर्माण होऊन ते पावासारखे फुगते. फरक पडतो तो तापमानाशी असलेल्या नात्यात. साधा फोम शून्याच्या बराच खाली गेल्यावर कडक होतो. मेमरी फोमचे मिश्रण असे बांधलेले असते, की कडकपणातून मऊपणाकडे होणारा बदल घरातल्या नेहमीच्या तापमानालाच घडावा. म्हणूनच शरीराच्या उबेने तो खाली जातो आणि दाब काढल्यावर सावकाश वर येतो. पंजाचा ठसा काही क्षण राहतो, त्याचे कारण हेच.

हा ठसा विक्रेते मोठ्या हौसेने दाखवितात. परंतु तो केवळ फोमचा प्रकार सांगतो, प्रत सांगत नाही. हलक्या प्रतीच्या मेमरी फोमवरही पंजा तसाच उमटतो.

थर किती, कशाचे?

‘मेमरी फोमची गादी’ हे नाव बहुधा वरच्या एका थराचे असते. सहा इंच जाडीच्या गादीत मेमरी फोम एक इंच आणि त्याखाली पाच इंच साधा फोम, अशी रचना सर्रास आढळते. त्यात गैर काही नाही. संपूर्ण गादी मेमरी फोमची केली, तर शरीर खोल रुतेल. खाली आधार देणारा थर लागतोच. मात्र एक इंचाचा थर प्रौढ माणसाच्या खांद्याखाली व नितंबाखाली जवळजवळ पूर्ण दबतो आणि प्रत्यक्षात झोपणारा तळच्या फोमवरच झोपतो. मेमरी फोमचा परिणाम खरोखर हवा असेल, तर तो थर दोन ते तीन इंच असणे इष्ट.

त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारावा : गादीत एकूण थर किती, प्रत्येकाची जाडी किती आणि प्रत्येक थर कशाचा? खोळीला चेन असल्यास ती उघडून थर डोळ्यांनी पाहता येतात. दालनात कापलेला नमुना ठेवलेला असतो. तो ज्या गादीचा आहे तीच गादी आपण घेत आहोत ना, याचीही खातरजमा करावी. थरांचा तपशील देण्यास विक्रेता टाळाटाळ करीत असेल, तर ती गादी बाजूला ठेवावी.

घनता आणि साधे गणित

कापसाच्या गादीचा व्यवहार सरळ असे. पिंजारी कापूस तोलून देई, गिऱ्हाईक समोर उभे असे आणि गादी किती किलोची, यावर दर ठरे. फोमच्या गादीत हाच हिशेब ‘डेन्सिटी’ या शब्दामागे दडला आहे. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतील वजन. ३२ घनतेच्या फोमचा एक घनमीटर ठोकळा ३२ किलो भरतो. घनता अधिक म्हणजे त्याच जागेत माल अधिक आणि सामान्यतः आयुष्यही अधिक. मेमरी फोमच्या बाबतीत ५० च्या आसपासची घनता सर्वसाधारण, ६० ते ८० वरच्या प्रतीची आणि ४० च्या खालची हलकी समजली जाते. तळाच्या साध्या फोमची घनता रोजच्या वापराच्या गादीत ३२ किंवा त्याहून अधिक असल्यास बरे.

विक्रेत्याने सांगितलेली घनता घरी पडताळता येते. ७८ बाय ६० इंच मापाच्या गादीचा एक इंच जाडीचा थर सुमारे ०.०७७ घनमीटर भरतो. म्हणजे ५० घनतेचा एक इंच मेमरी फोम सुमारे ३.८ किलो आणि त्याखाली ३२ घनतेचा पाच इंच फोम सुमारे १२.३ किलो, एकूण १६ किलोंच्या आसपास. खोळीचे किलो-दोन किलो वेगळे. त्याच जाडीच्या, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गादीत वर ३० घनतेचा आणि खाली २४ घनतेचा फोम असेल, तर ती साडेअकरा किलोंतच आटोपते. पाहणाऱ्याला दोन्ही सारख्या. आतला माल मात्र साडेचार किलोंनी कमी.

हेच उलट्या दिशेनेही करता येते. ७८ बाय ६० इंचांच्या गादीचे खोळ वगळून वजन घ्यावे, त्याला १३ ने गुणावे आणि जाडीच्या इंचांनी भागावे. सरासरी घनता मिळते. ७८ बाय ७२ इंच मापासाठी १३ ऐवजी ११ धरावेत. पहिल्या उदाहरणात उत्तर ३५ च्या जवळ येते, दुसऱ्यात २५. गुंडाळून खोक्यातून आलेली गादी उचलून घरच्या वजनकाट्यावर उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे, एवढे पुरेसे आहे.

वजनाने सारे कळत नाही

घनता हा आवश्यक निकष आहे, पण एकमेव नव्हे. स्वस्त फोमचे वजन वाढविण्यासाठी त्यात कॅल्शियम कार्बोनेटसारखी खनिज भुकटी मिसळता येते. असा फोम तोलात भरतो, पण त्याची लवचिकता लवकर जाते. तुकडा बोटांत चोळल्यावर भुकटी सुटत असेल, तर सावध व्हावे. दुसरा प्रकार रिबॉन्डेड फोमचा. फोमच्या कातरणाचे तुकडे चिकटवून, दाबून तो बनवितात; रंगीबेरंगी ठिपक्यांवरून तो ओळखू येतो. त्याची घनता ८० ते १०० पर्यंतही असते, तरी त्यामुळे तो मेमरी फोमपेक्षा सरस ठरत नाही. घनतेची तुलना एकाच जातीच्या फोममध्ये करावी, हा त्यातला धडा.

घनता आणि कडकपणा यांचीही गल्लत होते. ‘हाय डेन्सिटी’ म्हणजे कडक, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. जड फोम मऊ असू शकतो आणि हलका फोम कडक. प्रयोगशाळेत फोमचा नमुना जाडीच्या ४० टक्के दाबण्यास लागणारे बल मोजून कडकपणा ठरवितात. टिकाऊपणासाठी आणखी एक चाचणी महत्त्वाची : नमुना दाबून ७० अंश सेल्सिअस तापमानात २२ तास ठेवला जातो आणि सोडल्यावर त्याची किती जाडी कायमची गेली, ते पाहिले जाते. ही घट जितकी कमी, तितकी गादीत खळगा पडण्याची शक्यता कमी. संपूर्ण गादीसाठी युरोपीय मानकात १४०० न्यूटन, म्हणजे सुमारे १४० किलोंच्या भाराचा रूळ ३० हजार वेळा फिरविण्याची चाचणी आहे.

भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७९३३ हे मानक घरगुती गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोमसाठी आहे. गादीवर मानकचिन्ह असल्याचे सांगितले जात असेल, तर त्यावरील परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. चिन्ह नसल्यास चाचणी अहवाल मागावा. तो मिळणार नाही असे गृहीत धरून अनेकजण मागतच नाहीत.

‘ऑर्थोपेडिक’ म्हणजे काय?

पाठदुखीने त्रस्त माणूस हा गादीविक्रेत्यांचा सर्वांत हळवा ग्राहक. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द त्याच्यासाठीच असतो आणि त्याच्याबरोबर किंमतही वाढते. कठीण गादी पाठीला उत्तम, ही आपल्याकडची जुनी धारणा. २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना कठीण किंवा मध्यम कठीण गादी देण्यात आली. ९० दिवसांनंतर मध्यम कठीण गादी वापरणाऱ्यांना वेदना आणि हालचालींतील अडचण या दोन्ही बाबतींत अधिक आराम असल्याचे आढळले. तेव्हा नुसता कठीणपणा हा पाठीच्या आरोग्याचा पुरावा नाही आणि गादीवरील ‘ऑर्थोपेडिक’ हा शिक्का वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पायात मुंग्या येणे, बधिरपणा किंवा रात्री झोपमोड करणाऱ्या वेदना असतील, तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जाणे श्रेयस्कर.

मेमरी फोमचे खरे गुण मात्र नाकारता येत नाहीत. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्यावरचा व नितंबावरचा दाब तो चांगला विभागतो. एकाने कूस बदलली तरी हालचाल दुसऱ्यापर्यंत फारशी पोहोचत नाही. पहाटेच्या पाळीसाठी घरातील एकजण चार-साडेचारला उठत असेल, तर दुसऱ्याची झोप टिकते. याउलट पोटावर झोपणारे, फार वजनदार किंवा कूस बदलण्यास ज्यांना त्रास होतो असे वृद्ध यांना खोल रुतणारी गादी गैरसोयीची वाटू शकते. तान्ह्या बाळाला तर अशा मऊ पृष्ठभागावर मुळीच झोपवू नये. बाळाचे तोंड त्यात दबून श्वास कोंडण्याचा धोका असतो. त्याच्यासाठी सपाट आणि घट्ट पृष्ठभागच सुरक्षित.

उष्णता, थंडी आणि पाऊस

हा फोम अंगालगत बसतो, त्यामुळे हवा खेळती राहत नाही आणि उष्णता अडकते. रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्या आणि एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या स्लॅबखाली दिवसा झोपणाऱ्या कामगाराला हा दोष रात्री झोपणाऱ्यापेक्षा अधिक जाचतो. ‘जेल’ मिसळलेल्या फोमचा थंडावा हात ठेवताच जाणवतो हे खरे. परंतु जेल काही उष्णता शोषून घेते आणि शरीराच्या तापमानाजवळ आले, की फरक ओसरतो. दालनातील वातानुकूलित हवेत दोन मिनिटे आडवे होऊन याची पारख होत नाही. उकाड्याचा त्रास असणाऱ्यांनी मेमरी फोमचा थर पातळ ठेवावा किंवा लॅटेक्स अथवा पॉकेट स्प्रिंगचा विचार करावा.

पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतील पहाटेच्या थंडीत हाच फोम कडक वाटतो. तो दोष नसून त्याचा गुणधर्म आहे. अंगाच्या उबेने काही मिनिटांत तो मऊ होतो. मात्र यामुळे उन्हाळ्यात पसंत केलेली गादी हिवाळ्यात वेगळी भासू शकते, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडील पलंगाखाली सामानाची बंद पेटी असते आणि वर सलग प्लायवूड. पावसाळ्यात अशा पलंगावर गादीच्या तळाशी दमटपणा साचून बुरशी धरते. प्लायवूडला भोके पाडणे, अधूनमधून गादी उभी करून वारा देणे हे उपाय साधे आहेत. कापसाच्या गादीप्रमाणे फोमला कडक ऊन मात्र दाखवू नये. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो.

प्रमाणपत्रे कशाची?

‘सर्टिपूर-यूएस’ आणि ‘ओको-टेक्स’ ही नावे आता गाद्यांवर सर्रास दिसतात. पहिल्यात फोममध्ये काही घातक ज्वालारोधक, जड धातू, फॉर्मल्डिहाइड यांसारखी द्रव्ये नाहीत आणि हवेत मिसळणारी रसायने मर्यादेत आहेत, हे तपासले जाते. दुसरे अनेकदा केवळ खोळीच्या कापडापुरते असते. नव्या गादीच्या वासाने अस्वस्थ होणाऱ्यांना अशी प्रमाणपत्रे उपयोगी आहेत; परंतु गादी किती वर्षे टिकेल, याची ग्वाही ती देत नाहीत. खोक्यातून काढलेली गादी एक-दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून मोकळी सोडल्यास वास उतरतो आणि जाडीही पूर्ण भरते.

शंभर रात्री आणि दहा वर्षे

वापरून पाहण्याची सवलत ग्राहकाच्या हिताची आहे, कारण गादी पटते की नाही हे दुकानात नव्हे, दोन-तीन आठवड्यांच्या झोपेनंतरच कळते. मात्र अटी आधी वाचाव्यात. डाग पडल्यास परतावा मिळतो का, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, दुकानातून घेतलेल्या गादीलाही सवलत लागू आहे का, रक्कम परत मिळते की केवळ दुसरी गादी, हे प्रश्न लेखी स्वरूपात सोडवून घ्यावेत. पहिल्या दिवसापासून धुता येणारे आच्छादन घातले, तर डागाचा वाद उद्‌भवत नाही.

दहा वर्षांच्या हमीतही मेख असते. बहुतेक हमीपत्रांत ठरावीक खोलीपेक्षा, अनेकदा इंच-दीड इंचापेक्षा, अधिक खळगा पडला तरच दोष मानला जातो. पाठीला मात्र त्याहून कमी खळगाही जाणवतो. काही हमी वर्षागणिक घटत जातात आणि नव्या गादीच्या किमतीतील मोठा हिस्सा ग्राहकालाच भरावा लागतो. खळगा मोजण्यासाठी रिकाम्या गादीवर सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी आडवी धरून खालचे अंतर मोजावे आणि तारखेसह छायाचित्र जपून ठेवावे.

किमतीची तुलना छापील दरावरील सवलतीने करू नये. वर्षाला पडणाऱ्या खर्चाने करावी. उदाहरणार्थ, १४ हजार रुपयांची गादी चार वर्षांत बसली तर वर्षाला साडेतीन हजार पडतात. २४ हजारांची आठ वर्षे टिकली, तर तीन हजार. दुसरीकडे वर्ष-दोन वर्षांत घर किंवा शहर बदलणार असलेल्या भाडेकरूने महागडी गादी घेण्याचे कारण नाही. त्याला चांगल्या साध्या फोमची किंवा काथ्याची गादी आणि हवा असल्यास वर दोन इंचांचा मेमरी फोमचा थर, ही जोडी परवडते.

कायद्याचा आधार

‘शेवटचे दोन तास’ अशी खोटी घाई दाखवून खरेदी करायला लावणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिबंधित प्रकार आहे. जून २०२२ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या तत्त्वांनुसार जाहिरातीतील दावा सिद्ध करता आला पाहिजे. ऑनलाइन विक्रेत्याला, सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार नकार देता येत नाही.

तक्रार असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी. तेथे प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी बंगळुरू किंवा दिल्लीची असली, तरी वाकडच्या रहिवाशाला पुणे जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

मात्र ‘गादी चांगली निघाली नाही’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही. ‘५० घनतेचा दोन इंच थर’ असे पावतीवर लिहिलेले असेल आणि आत तो नसेल, तर ती टिकते. म्हणून थरांची जाडी, प्रत्येक थराची घनता आणि हमीच्या अटी या तीन गोष्टी पैसे देण्यापूर्वी बिलावर लिहून घ्याव्यात. जो विक्रेता त्या बिनतक्रार लिहून देतो, त्याच्याकडच्या गादीवर आडवे होऊन पाहण्यास हरकत नाही.